सव्वाअकराचं जंगल

मुंबईहून जंगलात जायचा बेत बहुतेक वेळा शनिवारी रात्री साडेदहा-अकराला ठरतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी धबधब्याचा व्हिडिओ टाकतं, दोघे अंगठा दाखवतात, तिसरा गाडी काढायला तयार होतो आणि चौथ्याला 'जवळपासचं एखादं जंगल बघ रे' म्हणून कामाला लावलं जातं. सकाळी सहाला निघायचं ठरतं. प्रत्यक्षात चेंबूर सोडायलाच साडेआठ होतात. वाटेत एकजण वाशीला चढणार असतो, तो आंघोळीत असतो. पनवेलला मिसळ. सव्वाअकराच्या सुमारास ही मंडळी कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या फाटकावर पोचतात, आणि दोन तासांनी 'पक्षी अभयारण्यात पक्षीच नाहीत' असा निकाल देऊन महामार्गावरच्या टपरीवर वडापाव खात उभी असतात.

पक्षी असतात. दोनशेहून अधिक जातींची नोंद या एवढ्याशा जंगलात आहे. पण सव्वाअकराला त्यातले निम्मेसुद्धा तोंड उघडत नाहीत. पहाटेपासून गाऊन, भांडून, पोटं भरून ते सावलीला गेलेले असतात आणि आता थेट चारनंतर हलणार असतात. मधल्या वेळात जंगलात फक्त माणसं असतात.

एका दिवसाच्या जंगल सहलीबद्दल जे काही लिहून येतं, त्यात ठिकाणांच्या याद्या फार असतात. मुंबईजवळची दहा, पुण्याजवळची पंधरा, पावसाळ्यात चुकवू नयेत अशी वीस. माझं म्हणणं असं, की ठिकाण हा या बेतातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ती वेळ: दिवसातली आणि वर्षातली. शहराला रविवारी सुट्टी असते, पहिल्या पावसात शहराचं मन उडतं आणि पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार आला की शहर घाट उतरतं किंवा चढतं. जंगलाचं स्वतःचं एक कॅलेंडर आहे आणि ते आपल्या कॅलेंडरला नेमकं आडवं जातं. बेत आखायचा तर आधी ते बघायला हवं. उदाहरण म्हणून कर्नाळाच घेऊ, कारण ते सगळ्यात जवळ आहे आणि त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त सव्वाअकरावाले येतात.

कर्नाळा १९६८ साली अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं पक्षी अभयारण्य. तेव्हा त्याचं क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होतं. २००३ साली ते वाढून बारा चौरस किलोमीटरच्या आसपास गेलं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे कर्नाळा त्याच्या आठव्या हिश्शाएवढं. शिवाय या लहानशा जंगलाच्या अंगावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पळस्पे फाट्यावरून निघालेला हा रस्ता शिरढोण मागे टाकून कर्नाळ्याच्या खिंडीत शिरतो, दोन्ही बाजूंना अचानक झाडी दाटते, गाडीत बसलेल्याला हवा बदलल्याचं जाणवतं आणि तेवढ्यात खिंड संपते. गणपतीला कोकणात जाणाऱ्या लाखो माणसांनी कर्नाळा असं काचेतूनच पाहिलेलं आहे. वर डोंगरावर किल्ल्याचा सुळका. अंगठा उभा धरावा तसा तो दिसतो आणि पनवेलच्या कुठल्याही गच्चीवरून ओळखू येतो.

या किल्ल्याचे किल्लेदार होते वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा. इंग्रजांनी किल्ला घेतला आणि घराणं खाली शिरढोणला राहिलं. तिथेच १८४५ साली वासुदेव बळवंतांचा जन्म झाला. त्यांचा वाडा जतन केलेला आहे आणि तो महामार्गाला अगदी लागून आहे. दुपारचं जंगल झोपलेलं असताना काय करायचं, या प्रश्नाला हे एक चांगलं उत्तर आहे. त्याकडे पुन्हा येऊ.

'शहराबाहेर' म्हणताना मात्र आता थोडं अडखळायला होतं. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला. शिवडीहून निघून २१.८ किलोमीटरनंतर गाडी उरणच्या बाजूला चिर्ले इथे उतरते, तिथून पुढे पळस्पे गाठायचं. दादरहून कर्नाळा पूर्वीही पन्नास-पंचावन्न किलोमीटरच होतं, पण मानखुर्द-वाशी-कळंबोली ही नावंच सकाळ खाऊन टाकायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. पनवेलच्या भोवती इमारतींची जी नवी रांग उभी राहते आहे, तिच्या जाहिरातींत आता कर्नाळ्याची हिरवाई खिडकीतून दिसते. बारा चौरस किलोमीटरचं हे जंगल शहराच्या बाहेर होतं ते शहराच्या कडेला आलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते बोरिवलीसारखं शहराच्या पोटात जाईल. फरक इतकाच, की बोरिवलीकडे शंभर चौरस किलोमीटर आहेत, कर्नाळ्याकडे नाहीत. दर रविवारची गर्दी पेलायला जंगलाला रुंदी लागते.

आता त्या कॅलेंडरकडे येऊ, आणि सुरुवात पावसाळ्यापासून करू, कारण सगळा घोळ तिथे आहे.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावला की कर्नाळ्याच्या ओढ्यांवर एक पाहुणा येतो. तिबोटी खंड्या. चिमणीहून लहान, वजन पंधरा ग्रॅमच्या आतबाहेर, पोट पिवळंधमक, डोक्यावर जांभळी झाक, चोच शेंदरी आणि पायाला तीनच बोटं. झाडीतून जाताना तो दिसत नाही, एक रंगीत रेघ ओढल्यासारखी वाटते. रायगडने याला आपला जिल्हा पक्षी म्हणून निवडलं आहे. दक्षिणेकडून तो कोकणात येतो तो फक्त संसारासाठी. ओढ्याच्या काठची मातीची दरड शोधायची, नर-मादीने मिळून चोचीने आणि पायांनी ती आडवी कोरत न्यायची, आत चार-पाच अंडी. अडीच आठवडे उबवणं, जवळपास तेवढेच दिवस पिल्लांना भरवणं. सापसुरळ्या, पाली, छोटे खेकडे, बेडूक, कोळी, जे सापडेल ते. मुसळधार पावसात दरड ढासळली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता या पाच-सहा आठवड्यांवर आपला रविवार ठेवून बघा.

घरट्याची जागा कळली की बातमी फार वेगाने पसरते. पूर्वी ती पक्षीनिरीक्षकांच्या चार डोक्यांत राहायची, आता तासाभरात तिचा नकाशावरचा ठिपका फिरतो. मग पहाटे कॅमेऱ्यांची रांग लागते. समोरच्या फांद्या छाटल्या जातात, कारण त्या फोटोत आडव्या येतात. दरडीसमोर एक सुबक काडी रोवली जाते. पक्षी तोंडात सुरळी धरून आधी त्या काडीवर बसतो, मग बिळात जातो, आणि काडीवरचा फोटो चांगला येतो. उजेड कमी म्हणून फ्लॅश. आणि छाटलेल्या फांद्यांमुळे उघडं पडलेलं ते बीळ माणसं घरी गेल्यावर साप-घोरपडींनाही तितकंच स्पष्ट दिसतं. माणसं फार जवळ बसली की पालक पक्षी तोंडातला घास धरून बाजूच्या झाडावर ताटकळतो. आपल्याला तो 'छान पोज देतोय' असं वाटतं. आत पिल्लं उपाशी असतात.

हे सगळे लोक वाईट असतात असं मुळीच नाही. त्यांच्यातल्या अनेकांना त्या पक्ष्याबद्दल माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असते. पण एका माणसाने सांभाळून बसणं आणि वीस माणसांनी सांभाळून बसणं यात पक्ष्याच्या दृष्टीने मोठं अंतर पडतं. सालिम अली १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला राहत होते तेव्हा त्यांनी सुगरणींच्या विणीचा अभ्यास केला. तोही पावसाळ्यातला, तोही घरट्यांसमोर तासन् तास बसून. त्यातून सुगरणीच्या नराच्या एकामागून एक संसारांची जी उकल झाली ती पक्षिशास्त्रात टिकली. तिथे बसणारा माणूस एक होता आणि त्याला परत जायची घाई नव्हती. एका दिवसाच्या सहलीत या दोन्ही गोष्टी नसतात, म्हणून घरट्यासमोर बसणं हे एका दिवसाच्या सहलीचं काम नव्हे. इतकं साधं आहे.

खंड्याच नाही, नवरंगही याच दिवसांत येतो आणि वीण करतो. त्याची दोन सुरांची शीळ मोबाइलवर वाजवून त्याला उघड्यावर बोलवायचं, हा एक नवा छंद आहे. विणीच्या काळात नराला ती शीळ म्हणजे आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. तो घरटं सोडून भांडायला येतो. दहा माणसांनी दिवसभरात दहा वेळा वाजवली तर त्याने दहा वेळा भांडायला यायचं. शीळकरी कस्तुराला बोलवावं लागत नाही. पहिल्या पावसानंतर पहाटे ओढ्याकाठी तो आपणच लांबलचक शीळ घालत असतो, एखादा पोरगा कामावर जाताना स्वतःशी वाजवतो तशी, सूर अर्धवट सोडत.

तर पावसाळ्यात कर्नाळ्याला जाऊच नये का? जावं. फक्त रविवार सोडून, लवकर, आणि वाट न सोडता. अभयारण्यात हरियाल आणि मोरटाका अशा आखलेल्या पायवाटा आहेत. ओढ्यात उतरून दरडी धुंडाळायचं कारण नाही. किल्ल्याची वाट पावसाळ्यात निसरडी होते आणि वर ढगात काहीही दिसत नाही, त्यामुळे सहलीतलं लहान मूल आणि सहलीतले काका या दोघांनाही तिथे नेऊ नये. सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, सिगरेटचा धूर, आरडाओरडा हे चारही त्यांना खपत नाहीत, आणि तिथून पळायला जागा नाही.

धबधब्याचं काय, असा प्रश्न येतोच. कर्नाळ्यात नाव घेण्यासारखा धबधबा नाही. पण पनवेल तालुक्यात गाढेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात जमावबंदीचा हुकूम निघतो, तिकडची वाट पोलीस अडवतात, आणि 'आलोच आहोत तर' म्हणून गर्दी कर्नाळ्याकडे वळते. हे हुकूम आता दरवर्षीचे झाले आहेत. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. कलम बदललं तरी मजकूर तोच. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली माणसं, काठावर दोऱ्या शोधणारी माणसं. तिथे आधी पाऊल घोट्याइतक्याच पाण्यात होतं. वरच्या डोंगरात पाऊस झाला की दहा मिनिटांत ते कमरेपर्यंत येतं, आणि वर पाऊस पडतोय की नाही हे खाली उभ्या माणसाला कळायचा मार्ग नसतो.

अशा घटनेनंतर सरकार बंदी घालतं, हे समजण्यासारखं आहे. पण कागदावरची बंदी राबवायला जागेवर माणूस लागतो, आणि वनरक्षकाच्या एका बीटवर रविवारी काय चालतं हे एकदा बघावं. तोच तिकीट फाडणार, तोच पिशव्या तपासणार, तोच ओढ्यातून पोरांना बाहेर काढणार, तोच संध्याकाळी वणव्याच्या किंवा चोरट्या तोडीच्या खबरीमागे जाणार. कासच्या पठारावर वेगळा रस्ता काढला गेला. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागा युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यात कास होतं, आणि फुलांच्या हंगामात तिथे गाड्यांची रीघ लागली. मग ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, आजूबाजूच्या गावांतली माणसं व्यवस्थेला लागली. तारेचं कुंपणही घातलं गेलं, ते पुढे काढावं लागलं. गुरं-जनावरं थांबली तर फुलांचं गणितही बिघडतं, हे लक्षात आलं. सगळं नीट जमलं असं कासचे लोकही म्हणणार नाहीत. तरी 'किती माणसं' हा प्रश्न तिथे निदान विचारला गेला. कर्नाळ्यासारख्या लहान जंगलाला तो अधिक लागू आहे. रविवारी ठरावीक संख्येनंतर फाटक बंद, असा साधा नियम झाला तर आरडाओरडा होईल, दोन-चार बातम्या येतील आणि तिसऱ्या आठवड्यापासून लोक बुधवारी येऊ लागतील.

बुधवारी यायचंच असेल तर कोणत्या महिन्यातल्या? माझं मत जानेवारी-फेब्रुवारी. पावसाळ्याइतकं हिरवं नसतं, व्हिडिओ चांगला येत नाही, म्हणून गर्दी कमी. पण पानं झडल्यामुळे पक्षी दिसतात. उत्तरेकडून आलेले करडे धोबी ओढ्याच्या दगडांवर शेपट्या हलवत असतात, लाल कंठाचे माशीमार काड्यांवरून किडे टिपत असतात. पांगारा आणि काटेसावर फुलले की एकेका झाडावर मैना, हळद्या, शिंजीर, पोपट, कोतवाल असा बाजार भरतो. अशा झाडाखाली तासभर बसलं तर बाराही चौरस किलोमीटर हिंडायची गरज पडत नाही.

याच दिवसांत मिश्र थवे फिरतात, आणि ते बघणं हा कर्नाळ्यातला सगळ्यात मोठा आनंद आहे असं मला वाटतं. बराच वेळ जंगल गप्प असतं. मग एकदम डोक्यावर गलबला. सुतार, निखार, वटवटे, कोतवाल, पाचसहा जातींचे पक्षी एकत्र, पानापानातले किडे उडवत पुढे सरकत असतात. एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो, आणि शिकरा आला तर इतक्या डोळ्यांतून कुणाच्या तरी नजरेला पडतो. त्यांच्यात बहुधा भृंगराज असतो, शेपटीच्या टोकाला दोन लांब काड्या आणि त्यांच्या टोकाला पिसांचे झुपके घेऊन. तो इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो, शिकऱ्याची हाळीसुद्धा. सगळे दचकून पांगले की त्यांच्या चोचीतून सुटलेलं तो उचलतो. दहा मिनिटांत थवा निघून जातो आणि पुन्हा शांतता. चालत राहणाऱ्या माणसाला हे फार कमी वेळा सापडतं; बसून राहणाऱ्याला सापडतं. म्हणून सहलीच्या सामानात पाण्यानंतरची सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे बसायला एक जुनी सतरंजी.

मार्चमध्ये कोशिंबाला लालबुंद पालवी फुटते. उंबर-पिंपळ फळले की हरियालांचे थवे उतरतात, तेही पहाटे. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्याजवळ बसलं तर पक्षी आपणहून येतात, पण नऊनंतर उकाडा असह्य होतो. ऑक्टोबरचं काही सांगत नाही. मला तो महिना कोकणात कुठेच आवडत नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. जानेवारीत सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो. फाटकाच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात आणि उघडायच्या वेळेला तिथे असावं. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी पाचला निघायचं. गाडी नसलेल्यांचं काही अडत नाही: हार्बरच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडून पनवेल, तिथून एसटी स्टँड, आणि पेण-अलिबाग-रोह्याकडची जवळच्या पल्ल्याची एसटी. बारा किलोमीटरचा प्रवास. कंडक्टरला आधीच 'कर्नाळा अभयारण्य' म्हणून सांगून ठेवायचं. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. मुंबईतल्या सहलींच्या बेतांत एसटीचा विचारच होत नाही याचं मला नवल वाटतं. पाच जणांच्या गटाला गाडी लागते ती मुख्यतः सामानासाठी, आणि सामान मुख्यतः खाण्याचं असतं.

फाटकावर पिशव्या उघडून बघतात. प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं मोजतात, त्यापोटी अनामत रक्कम घेतात आणि परतताना मोजणी बरोबर आली की ती परत करतात. या व्यवस्थेवर लोक वैतागतात. मला ती जंगलातल्या कुठल्याही पाटीपेक्षा परिणामकारक वाटते, कारण 'निसर्ग वाचवा' वाचून कुणी रिकामी बाटली खिशात घातलेली मी पाहिली नाही, शंभराची नोट अडकलेली असली की लोक दुसऱ्याने टाकलेली बाटलीही उचलून आणतात. डबा घरून स्टीलचा न्यावा, म्हणजे प्रश्नच मिटतो. माकडांना काही देऊ नये. दिलेल्या बिस्किटाने माकड फक्त फाटकाजवळ आणि महामार्गावर राहायला शिकतं आणि तिथे ट्रकखाली येतं.

अभयारण्यात आपण जातो ते परवान्यावर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधली २७ आणि २८ ही कलमं सांगतात की आत कुणाला जाता येईल आणि कशासाठी; छायाचित्रण आणि पर्यटन ही त्यातली दोन कारणं. तिकीट म्हणजे तो परवाना, बागेचं प्रवेशशुल्क नव्हे. पण आत ब्लूटूथ स्पीकर घेऊन जाणाऱ्याला हे कोण समजावणार.

साडेदहाला बाहेर पडायचं. हे बहुतेकांना पटत नाही: एवढं लांब आलो आणि साडेदहाला परत? पण साडेतीन तास जंगलात गप्प बसणं हे भरगच्च काम आहे. बाहेर खिंडीत, महामार्गाच्या कडेला, ठाकर-कातकरी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. या सहलीत पैसे खर्च करायची खरी जागा ती. जूनमध्ये त्यांच्याकडे शेवळं असतात आणि शेवळांबरोबर काकडंही, कारण काकडं न घालता शिजवलेली शेवळं घशाला खाजतात. मुंबईकर शेवळं घेतात, काकडं 'ही काय बोरं आहेत' म्हणून सोडतात, आणि रात्री घसा धरून बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये कंटोली, टाकळा, कुर्डू, भारंगी. मेमध्ये करवंदं, जांभळं, ताडगोळे. यांच्याशी पाच-दहा रुपयांवरून घासाघीस करणाऱ्यांनी आधी पनवेलच्या मॉलमधलं आपलं पार्किंगचं बिल आठवावं.

थंडीत पोपटी मिळाली तर सोडू नये. मडक्यात वालाच्या शेंगा, भामरूडचा पाला, कांदे-बटाटे, हवी तर अंडी किंवा कोंबडी, मडकं उलटं करून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. ही गावच्या शेतात होते, अभयारण्यात नाही. आत काडी पेटवणं गुन्हा आहे. खिंड ओलांडून तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे, १९६१ पासूनचं. खादी, तेलघाणी, साबण, मातीकाम असे उद्योग तिथे पाहायला मिळतात. दुपार तिथे किंवा शिरढोणच्या फडके वाड्यात. सिनेमाची आवड असलेल्यांसाठी जवळच आपटा रेल्वे स्टेशन आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधला शेवटचा, हात पुढे करून गाडीत ओढून घेण्याचा प्रसंग तिथे चित्रित झाला. जंगलाशी त्याचा संबंध नाही, पण पोरं खूश होतात.

कर्नाळा दोनदा-तीनदा करून झालं की लोक पुढचं विचारतात. तुंगारेश्वर वसईला जवळ आहे, जंगल मोठं आहे, पण तिथली वाट देवळाची आहे आणि श्रावणात ती देवळाचीच असू द्यावी. तानसाचं जंगल दाखवायला घेऊन जावं ते मुख्यतः मुंबईच्या नळाला पाणी कुठून येतं हे कळण्यासाठी. १८९२ पासून ते तिथून येतं आहे. आणि वनपिंगळा, जो शंभरावर वर्षं कुणाला दिसला नव्हता आणि १९९७ साली नंदुरबारकडे पुन्हा सापडला, तो २०१४ मध्ये तानसाच्या जंगलातही आढळला. मुंबईचं पाणी ज्या झाडीमुळे टिकतं त्याच झाडीत तो राहतो. त्याला शोधत हिंडू नये, एवढंच.

फणसाड मात्र दिवसाच्या बेताला ताण देतं. मुरूड-रोहा-अलिबागच्या मधलं हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. नवाबाने शिकारीसाठी राखलं म्हणून ते उरलं, आणि १९८६ साली अभयारण्य झालं. आत जागोजागी पाणवठे आहेत, त्यांना तिथे गाण म्हणतात: फणसाडगाण, चिखलगाण. गाणीच्या काठी बसणं हेच तिथलं पर्यटन. शेकरू झाडांच्या शेंड्यांवरून जातो, गारंबीच्या अजस्र वेली झाडांना विळखे घालून असतात, आणि त्यांच्या हातभर शेंगा बघून मुलांचा विश्वास बसत नाही. गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागाही इथे केलेली आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने देशातली गिधाडं संपत आली, २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं, तरी निर्धोक अन्न पुरवल्याशिवाय उरलेली टिकत नाहीत, म्हणून ही सोय. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट २०२० पासून चालते, त्यामुळे गाडीसकट जाता येतं. तरी पहिली बोट धरूनसुद्धा तुम्ही सुपेगावच्या फाटकाला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. म्हणजे पुन्हा सव्वाअकराच. फणसाडला आदल्या संध्याकाळी जाऊन गावात मुक्काम करावा. जेवण-राहण्याचे पैसे गावात राहतात, आणि ग्राम परिस्थितिकीय विकास समितीला जंगल राखण्यात स्वतःचा फायदा दिसतो. तिथला वाटाड्या बरोबर घ्यावाच. गाणीकडे जाणाऱ्या दहा वाटांपैकी आज कोणती ओली आहे हे त्याला माहीत असतं.

एक गोष्ट शाळांबद्दल. डिसेंबरमध्ये कर्नाळ्याच्या बाहेर पिवळ्या बस उभ्या राहतात, एकेका शाळेच्या चार-चार. दोनशे मुलं एका पायवाटेवरून, पुढे शिट्टी वाजवणारे पीटीचे सर, मागे 'ओळ मोडू नका' म्हणणाऱ्या बाई. मुलांना पक्षी दिसत नाहीत, पण दमून मजा येते. शाळांच्या अडचणी खऱ्या असतात. बसचं भाडं, परीक्षा, पालकांच्या चिठ्ठ्या. तरी दोनशे मुलांचा एक दिवस करण्याऐवजी चाळीस मुलांचे पाच दिवस करता आले, तेही आठवड्याच्या मधल्या वारी आणि सहाला शाळेतून निघून, तर त्यातल्या प्रत्येक गटाला भृंगराज ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. वन विभागाने अशा लहान गटांना प्रवेशशुल्कात सूट द्यावी, मोठ्यांना देऊ नये. सध्या बहुतेक ठिकाणी सवलत डोकी मोजून वाढते.